लंडनच्या गोदीखालचे दगडी छिलके आणि सीनाकाठच्या कपच्या: अवजार ओळखायचे कसे?

प्रश्न: सीनाकाठ (सोलापूर)

नमस्कार. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका असून सोलापुरात राहते. आमचे रान मोहोळ तालुक्यात सीना नदीला लागून आहे. माझ्या प्रश्नाचे एक टोक लंडनमध्ये आणि दुसरे आमच्या बांधावर असल्यामुळे तो जरा सविस्तर मांडते.

२०१७ च्या उन्हाळ्यात मी मुलीकडे गेले होते, तेव्हा तिने मला लंडनच्या जुन्या गोदी भागातले संग्रहालय दाखवले. १८०२ साली बांधलेल्या साखरेच्या गोदामात ते आहे. क्रॉसरेल या भुयारी रेल्वेच्या खोदकामात मिळालेल्या वस्तूंचे प्रदर्शन त्या वेळी तेथे मांडलेले होते. इतर वस्तू पाहून मी पुढे सरकत होते, पण फ्लिंट नावाच्या दगडाच्या लहान छिलक्यांपाशी थांबले ती बराच वेळ तिथेच राहिले. थेम्सच्या उत्तर काठावर, नॉर्थ वुलिच येथे, गोद्यांच्या परिसरात ते सापडले होते. आठ-नऊ हजार वर्षांपूर्वी कोणीतरी तिथे बसून नदीतले गोटे फोडून पाहिले, चांगले निवडले आणि त्यांची अवजारे घडवली, असा त्याचा अर्थ सांगितला होता.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या सप्टेंबरात, सीनेला महापूर आला आणि आमच्या काठाकडच्या रानाची काळी माती खरवडून गेली. ते दुःख वेगळेच आहे; सासऱ्यांनी गाळ टाकून टाकून केलेली ती जमीन होती. पाणी ओसरल्यावर खालचा वाळू-गोट्यांचा थर उघडा पडला आणि त्यावर मला दुधी, तांबूस आणि हिरवट गारगोट्यांच्या पातळ, धारदार कपच्या दिसल्या. लंडनच्या काचेच्या पेटीतले छिलके मला तत्क्षणी आठवले. अकरा तुकडे मी घरी आणले आहेत.

जहाजे लागतात त्या गोदीच्या खाली माणसाच्या वस्तीची खूण कशी काय असू शकते, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. फुटलेला दगड आणि घडवलेला दगड यांतला फरक जाणकार कशावरून ठरवतात? आणि आमच्या रानातल्या कपच्यांचे मी काय करावे?

उत्तर: बाळीवेस

ताई, मी मूळचा बाळीवेशीतला. सध्या पूर्व लंडनमध्ये स्थापत्य अभियंता म्हणून काम करतो आणि ज्या भागाबद्दल आपण विचारता आहात त्याच भागातल्या जमिनीत माझे दिवस जातात. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, बाकीचे जाणकार देतील.

या गोद्या समुद्रात बांधलेल्या नाहीत. थेम्सच्या काठच्या दलदलीच्या कुरणात मोठाले हौद खोदून त्या तयार केल्या. रॉयल व्हिक्टोरिया गोदी १८५५ ची, रॉयल अल्बर्ट १८८० ची आणि किंग जॉर्ज पाचवा गोदी १९२१ ची. म्हणजे आज जिथे पाणी दिसते तिथे पावणेदोनशे वर्षांपूर्वी गवत होते, आणि त्या गवताखाली आणखी जुनी जमीन होती.

आता मागे जाऊ. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन थंडीत, पृथ्वीवरचे इतके पाणी बर्फात अडकले होते की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. बर्फ वितळत गेला तशी पातळी चढली, पण ९,००० वर्षांपूर्वीही ब्रिटन युरोपपासून पुरता तुटलेला नव्हता. थेम्सला आजच्यासारखी भरती-ओहोटी या भागात जाणवत नव्हती. नदीकाठी गोट्यांचे उंचवटे होते, आणि फ्लिंट हवा असणाऱ्या माणसाला असा उंचवटा म्हणजे दगडांचे कोठारच. पुढे समुद्र चढत आला, नदी फुगली, त्या उंचवट्यांवर गाळ बसला, गाळावर पाणवनस्पती कुजून पीट नावाची काळी, ओली माती साचली, त्यावर पुन्हा गाळ. पिटात हवा शिरत नाही, त्यामुळे लाकूडसुद्धा टिकते. वुलिचशेजारच्या प्लमस्टेडला २००९ मध्ये अशाच थरातून सुमारे ६,००० वर्षांपूर्वीची लाकडी वाट निघाली. चिखलाने झाकलेली ही जुनी जमीन एरवी कोणाच्याही नजरेस पडत नाही. इतक्या खोल जाण्याचे कारण फक्त गोदी, बोगदा किंवा उंच इमारतीचा पाया देतो.

आपल्याकडेही असे घडले आहे. मुंबईचे प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये खुले झाले. त्याच्या खोदकामात गाळाच्या खाली खैराच्या झाडांचे बुंधे मुळांसकट उभे सापडले होते. खैर काही खाऱ्या पाण्यात उगवत नाही. ती जमीन एके काळी कोरडी होती, याचा त्याहून सरळ पुरावा कोणता हवा?

एक गोष्ट इथे काम करताना मी शिकलो, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्लंडमध्ये १९९० पासून नियोजनाच्या धोरणात असे ठरले की, बांधकामामुळे पुराव्याला धक्का लागणार असेल तर त्याची तपासणी आणि नोंद बांधकाम करणाऱ्याच्या खर्चाने आधी व्हावी. त्यामुळे आम्ही जमिनीची ताकद पाहण्यासाठी बोअर घेतो, तेव्हा निघालेल्या मातीच्या त्याच नळकांड्या पुरातत्त्वज्ञही तपासतात आणि गोट्यांचा थर कुठे उंच आहे, पीट कुठे जाड आहे, याचा नकाशा करतात. नॉर्थ वुलिचचे सुमारे १५० तुकडे २०१३ मध्ये जाहीर झाले, ते अशा पद्धतशीर कामातून. थराची नोंद नसली की काय होते, याचे उदाहरणही लंडनमध्येच आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस ग्रेज इन लेनजवळ हत्तीच्या हाडांसोबत एक सुंदर दगडी हातकुऱ्हाड सापडली. ती साडेतीन लाख वर्षांपूर्वीची असावी असे आज मानतात, पण १७१५ मध्ये तिच्याविषयी लिहिणाऱ्याने रोमनांनी आणलेल्या हत्तीशी लढणाऱ्या ब्रिटनाचे ते शस्त्र असल्याची समजूत करून घेतली. त्या काळी त्याला दुसरे काही सुचणे शक्यही नव्हते.

उत्तर: माळढोक

मी भूशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते.

आधी कच्च्या मालाविषयी. फ्लिंट हा खडूच्या खडकात तयार होणारा सिलिकेचा दगड आहे. आपल्याकडे तो नाही. आपला काळा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर पसरलेला लाव्हा. त्या लाव्हातल्या वायूच्या पोकळ्यांत पुढे सिलिका भरत गेली आणि गारगोटी, अकीक, तांबडा-हिरवा सूर्यकांत असे कठीण गोळे तयार झाले. काळा दगड झिजून माती होतो, पण हे गोळे झिजत नाहीत. त्यामुळे सीना-भीमेच्या काठी, मुरमाच्या माळावर ते सर्वत्र विखुरलेले दिसतात. रंगीत, तुळतुळीत, धारदार तुकडा दिसला म्हणजे तो माणसाने घडवला, असे समजण्याची घाई या कारणाने करू नये.

तरीही फ्लिंट आणि आपली गारगोटी यांच्यात एक महत्त्वाचे साम्य आहे. दोन्हींचा पोत इतका बारीक आणि सलग असतो की घाव बसला की भेग काचेतल्यासारखी वाट काढते. तुकडा निघतो तो शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा वाटोळा फुटून. ताई, तुकडा हातात घेऊन तिरप्या उन्हात धरा. ज्या टोकावर घाव बसला तिथे बहुधा लहानशी सपाट जागा राहते. तिच्या लगेच खाली, पोटाच्या, म्हणजे गोट्यापासून सुटलेल्या बाजूला, हाताला लागेल असा फुगवटा असतो, आणि त्या फुगवट्यापासून पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा अर्धगोल लहरी पसरलेल्या दिसतात. तो फुगवटा म्हणजे घावाची सही.

मात्र अशी सही निसर्गही करू शकतो. पुरात गोट्यावर गोटा आदळतो, रोटाव्हेटरची पाती गोट्यावर बसतात, आणि तेव्हाही असाच छिलका उडतो. म्हणून एका तुकड्यावरून काहीही ठरवू नये. पाठीकडची बाजू पाहावी. माणूस एकामागून एक घाव घालतो, एकाच दिशेने, विचार करून. त्यामुळे पात्याच्या, म्हणजे लांबट धारदार छिलक्याच्या, पाठीवर आधी निघालेल्या पात्यांचे लांबट, एकमेकांना समांतर ओरखडे राहतात. निसर्गाचा घाव कुठूनही बसतो. ज्या गोट्यावरून अशी पाती काढली त्याला गाभा म्हणतात. तो मिळाला, आणि त्याच्या अंगावर वरून खाली उतरणाऱ्या पन्हाळ्या दिसल्या, तर शंकेला फारशी जागा उरत नाही. धार कशी आहे तेही पाहावे. नुकत्याच तुटलेल्या कडेचा रंग आतल्यासारखा ताजा आणि चकचकीत असतो; जुन्या कडेवर बाकीच्या पृष्ठभागासारखीच निस्तेज पुट चढलेले असते. तुकड्याची एकच कडा ताजी असेल तर ती पुराची किंवा औताची समजावी.

अजून एक सांगतो, कारण मला स्वतःला ते फार विलक्षण वाटते. घडवण्याची जागा जशीच्या तशी गाडली गेली असेल, तर विखुरलेले छिलके पुन्हा एकमेकांना जुळवता येतात. फुटलेले मडके जोडावे तसे एकेक तुकडा बसवत गेले की मूळ गोटा उभा राहतो, आणि मध्ये जिथे पोकळी उरते तो भाग कारागीर सोबत घेऊन गेला, हे कळते. त्याने पहिला घाव कुठे घातला, कोणता घाव चुकला, कोणता गोटा फोडून पाहून टाकून दिला, हे सारे आठ-नऊ हजार वर्षांनंतर वाचता येते. पण त्यासाठी टाकाऊ दिसणारा प्रत्येक कण जागेवर असावा लागतो. देखणे तेवढे उचलून नेले की ही शक्यता संपली.

उत्तर: नळदुर्ग वाट

वरील माहितीला एक छोटी पुरवणी. काडेपेटी घरोघरी पोहोचण्यापूर्वी चकमकीने विस्तव पाडत असत, आणि त्यासाठी पोलादावर मारायची गार प्रत्येकाच्या बटव्यात असे. पुढे ठासणीच्या बंदुकांनाही गारेचा तुकडा लागे. सोलापूर, नळदुर्ग, परांडा या किल्ल्यांच्या टापूत अशा झिजलेल्या गारा मिळू शकतात आणि त्यांच्याही कडांवर बारीक कपच्या उडालेल्या असतात. ताईंच्या अकरा तुकड्यांत असा एखादा जाडसर, चौकोनी, कडेने खूप ठेचलेला तुकडा असेल तर तो वेगळा ठेवावा. तो दोनशे वर्षांपूर्वीचा असू शकतो आणि शेजारचा पाच हजार वर्षांपूर्वीचा.

उत्तर: पांढरीची माती

मी पुरातत्त्वशास्त्राची विद्यार्थिनी आहे. 'नळदुर्ग वाट' यांनी ज्या अडचणीवर बोट ठेवले, ती मला सर्वांत मोठी वाटते.

हत्तरसंग-कुडल येथे, म्हणजे ताईंची सीना भीमेला मिळते तिथेच, संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवर मराठी लेख आहे आणि त्यात शके ९४० असे स्पष्ट कोरलेले आहे. दगडी पात्यावर शके कोरलेला नसतो. लाकूड, कोळसा, पीट यांचे वय किरणोत्सारी कार्बनवरून काढता येते, पण दगडाचे तसे काढता येत नाही. तो ज्या थरात पडला त्या थराने आणि त्याच्या सोबत्यांनी त्याचे वय सांगायचे असते. महाराष्ट्रात तर हा प्रश्न अधिकच कठीण आहे. बारीक पाती मध्याश्मयुगात, म्हणजे शेती येण्याआधीच्या शिकारी लोकांच्या काळात, होती हे खरे, पण तांबे वापरणारे शेतकरीही तीच वापरत होते. घोड नदीकाठच्या इनामगावला इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातली वस्ती उत्खननात निघाली. तिथल्या लोकांची रंगीत मडकी होती, घरे होती, धान्य होते आणि सोबत गारगोटीची ढीगभर पातीही होती. म्हणून ताई, पात्यांपेक्षा आधी खापऱ्या शोधा. जवळपास पांढरीचे, म्हणजे जुन्या वस्तीचे, टेकाड आहे का? राखट माती, जळलेल्या कुडाचे तुकडे, लाल रंगावर काळ्या रेघांची खापरे दिसतात का? ती दिसली तर आपण बहुधा ताम्रपाषाणयुगात आहोत. ती अजिबात नसतील आणि पाती फक्त गोट्यांच्या थरातूनच येत असतील, तर गोष्ट वेगळी, कदाचित कितीतरी जुनी.

थराला मी इतके महत्त्व का देते, ते एका उदाहरणाने सांगते. ३० मे १८६३ रोजी भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळच्या पल्लावरमला गोट्यांच्या खाणीत एक दगडी अवजार दिसले. भारतातल्या पुराश्मयुगाच्या, म्हणजे सर्वांत जुन्या दगडी अवजारांच्या काळाच्या, अभ्यासाची सुरुवात आपण तिथून मोजतो. त्यांनी ते अवजार कपाटात ठेवून समाधान मानले नाही. त्याच वर्षी ते आणि त्यांचे सहकारी विल्यम किंग तसल्याच थराचा माग काढत मद्रासच्याच परिसरातल्या अत्तिरंपक्कमला पोहोचले आणि तिथे अवजारे थरातच मिळाली. थर शिल्लक राहिला म्हणून पुरातत्त्वज्ञ शांती पप्पू यांच्या चमूला तिथे नव्याने उत्खनन करता आले आणि २०११ मध्ये तिथल्या हातकुऱ्हाडींचे वय सुमारे १५ लाख वर्षे असल्याचे जाहीर झाले. अवजारे तेवढी उचलून नेली असती आणि थर उकरून टाकला असता, तर दीडशे वर्षांनी विचारण्यासारखा प्रश्नच उरला नसता.

ताईंच्या रानात पुराने तेच काम केले, जे गोदी खणणाऱ्यांनी लंडनमध्ये केले: वरचे थर काढले. फरक एवढाच की नोंद करायला रानात कोणी उभे नव्हते. वाळूवर पडलेला तुकडा पुराने कुठून आणला हे आता सांगता येणार नाही. पण नदीने काठ उभा कापला असेल, तर त्या कापात माती, वाळू, गोटे यांचे थर भिंतीवरच्या गिलाव्यासारखे एकावर एक दिसतील. तिथे थरात रुतलेली एक जरी कपची दिसली, तर ती घरातल्या अकरांपेक्षा मोलाची आहे. ती काढू नका. शेजारी पट्टी धरून छायाचित्र घ्या, काठाच्या माथ्यापासून ती किती खाली आहे ते मोजा आणि मोबाइलवर त्या जागेचे अक्षांश-रेखांश टिपून ठेवा.

सीनाकाठ (मूळ प्रश्नकर्ती)

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. उत्तरे वाचल्यावर परवा थोरल्या दिरांना घेऊन रानात गेले आणि दिवसभर पाहून आले.

घरातले अकरा तुकडे आधी तिरप्या उन्हात धरले. सहांच्या कडा ताज्या आहेत आणि पाठ ओबडधोबड आहे. ते पुराने किंवा आमच्याच औताने फोडले असावेत. एक तुकडा 'नळदुर्ग वाट' यांनी सांगितल्यासारखा जाडसर आणि कडेने ठेचलेला आहे. उरलेल्या चारांना तो फुगवटा हाताला स्पष्ट लागतो, आणि त्यांपैकी दोघांच्या पाठीवर दोन-दोन समांतर रेघा आहेत. गाभा मात्र मिळाला नाही.

काठावर खापऱ्या शोधल्या. वरच्या काळ्या मातीत विटकरी रंगाचे चार-पाच तुकडे दिसले, पण ते अगदी अलीकडच्या माठांचे असावेत. रेघा कोणत्याही नव्हत्या. राखट माती कुठेच नाही. आमच्या हद्दीच्या दक्षिण टोकाला नदीने काठ उभा कापला आहे. तिथे वर काळी माती, तिच्याखाली चुनखडीचे खडे असलेली पिवळसर माती आणि सर्वांत खाली घट्ट झालेले गोटे दिसतात. त्या पिवळसर मातीच्या तळाशी एक दुधी कपची अर्धी बाहेर आलेली आहे. दीर ती उपटायला निघाले होते, मी त्यांचा हात धरला. काठाच्या माथ्यापासून ती दोन मीटर दहा सेंटिमीटर खाली आहे.

आता मला घाई वाटते आहे ती वेगळ्या कारणाने. खरवडलेल्या जमिनीवर गाळ टाकून ती पुन्हा लागवडीखाली आणायची, असे घरात ठरले आहे आणि त्यासाठी यंत्र येणार आहे. पोटापाण्याचा प्रश्न असल्यामुळे मी त्याला नाही म्हणू शकत नाही आणि म्हणायची इच्छाही नाही. कोणाला कळवावे?

उत्तर: पांढरीची माती

ताई, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात पुरातत्त्वाचा विभाग आहे. तो आपल्याला सर्वांत जवळचा. पुण्याचे डेक्कन कॉलेज हे या विषयाचे महाराष्ट्रातले मुख्य अध्ययनकेंद्र. दोन्हीकडे एकाच मजकुराचे पत्र, छायाचित्रांसह पाठवा. पत्रात गाळ टाकण्याची तारीख आवर्जून लिहा. ती वाचून लवकर येण्याचे महत्त्व त्यांना कळेल. आणलेले अकरा तुकडे एकत्र न ठेवता वेगवेगळ्या पुड्यांत ठेवा, धुऊ नका, आणि प्रत्येक पुडीवर तो कुठे सापडला ते आठवेल तसे लिहा. कोणी विकत मागितले तर देऊ नका. पुरावस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय १९७२ च्या कायद्याने परवान्याशिवाय करता येत नाही, आणि खाजगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत.

पिवळसर मातीचे आपण केलेले वर्णन वाचून माझ्या मनात बरेच विचार आले, पण थर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ते लिहिणे योग्य नाही.

उत्तर: माळढोक

एक व्यवहार्य सूचना. गाळ टाकण्याचे काम उत्तरेकडून सुरू करायला सांगा आणि काठाच्या दक्षिण टोकाची वीस-पंचवीस फुटांची पट्टी शेवटी ठेवा. शेतीचे नुकसान होणार नाही आणि पाहणीला अवधी मिळेल. चुनखडीचे खडे असलेल्या मातीला तयार व्हायला फार मोठा काळ लागतो, म्हणून तो काप मलाही पाहायचा आहे. आपली हरकत नसेल तर मी रविवारी येतो. सोबत मोजपट्टी आणि मातीचे नमुने घ्यायच्या पिशव्या आणीन.

सीनाकाठ (मूळ प्रश्नकर्ती)

सर, अवश्य यावे. पत्रे आज टपालात टाकली. यंत्रवाल्याशी दीर बोलले आहेत, दक्षिणेची पट्टी शेवटी घ्यायला तो तयार आहे. त्या कपचीपाशी कोणी जनावर जाऊ नये म्हणून काठावर बाभळीच्या फेसाट्या लावून ठेवल्या आहेत. रविवारी सकाळी आठपर्यंत आलात तर ऊन चढायच्या आत काप नीट पाहता येईल. त्या बाजूला सकाळी तिरपे ऊन असते.